हिना बाहुल्यांचा संच: निवड, मांडणी, सण आणि जपणूक

जपानमध्ये दरवर्षी ३ मार्चला हिनामात्सुरी हा मुलींचा सण साजरा होतो. मुलगी असलेल्या घरात त्या दिवसापर्यंत सम्राट-सम्राज्ञीच्या वेशातील बाहुल्या लाल कापडाने झाकलेल्या पायऱ्यांवर विराजमान झालेल्या असतात, शेजारी पीचच्या फुलांच्या डहाळ्या असतात आणि मुलीला आरोग्य व सुख लाभावे अशी प्रार्थना घरातली मंडळी करतात. टोकियो, योकोहामा किंवा ओसाका परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मुलगी बालवाडीत जाऊ लागली की या सणाची ओळख होते. मग कुणाला शेजारच्या आजी आपल्या मोठ्या झालेल्या लेकीचा संच देऊ करतात, तर कुणी आपल्या मुलीसाठी नवा संच घेण्याचे ठरवते. संच घरात आल्यावर मात्र कोणती बाहुली कुठे, कुणाच्या हातात काय, किती दिवस ठेवायच्या आणि पुन्हा पेटीत कशा भरायच्या, हे प्रश्न पडतात. त्यांची उत्तरे क्रमाने देण्याचा हा प्रयत्न आहे.

आरंभीच एक गोष्ट मनात पक्की करावी, कारण पुढचे बहुतेक नियम तिच्यातूनच निघतात. हिना बाहुली ही शोभेची वस्तू आहेच, पण परंपरेच्या दृष्टीने ती मुलीच्या वाट्याला येणारे आजार आणि अरिष्ट स्वतःवर घेणारी तिची बदली आहे. म्हणूनच तिला वेळेवर बाहेर काढायचे, तिच्या चेहऱ्याला जपायचे, सण संपताच तिला रीतीने आवरायचे आणि तिचे काम संपल्यावर तिला आदराने निरोप द्यायचा, अशी ही रीत आहे.

रीत कुठून आली

वर्षाच्या तिसऱ्या महिन्याच्या आरंभी वाहत्या पाण्याकाठी शुद्धीचा विधी करण्याची चाल प्राचीन चीनमधून जपानच्या दरबारात आली. माणसाच्या आकाराचा कागद किंवा गवताची बाहुली अंगावरून फिरवायची, तिच्यावर श्वास सोडायचा आणि आपल्यातले अशुभ तिच्याकडे सोपवून तिला पाण्यात सोडून द्यायचे, असा तो विधी होता. हेआन काळातल्या (आठवे ते बारावे शतक) दरबारी घराण्यांतील लहान मुली याच सुमारास चिमुकल्या बाहुल्या आणि त्यांच्या छोट्या घरसामानाशी खेळत असत. त्या खेळाचे उल्लेख अकराव्या शतकाच्या आरंभीच्या साहित्यात आढळतात. विधी आणि खेळ हे दोन प्रवाह पुढे हळूहळू एकत्र आले. एदो काळात (सतरावे ते एकोणिसावे शतक) शोगुनशाहीने, म्हणजे लष्करी राजवटीने, वर्षातील पाच ऋतुसणांना अधिकृत मान्यता दिली. त्यांतला तिसऱ्या महिन्याच्या तिसऱ्या दिवसाचा सण मुलींचा ठरला, तर पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशीचा सण, ज्यात आजही चिलखत, शिरस्त्राण आणि योद्ध्यांच्या बाहुल्या मांडतात, मुलांचा ठरला.

बाहुल्या जसजशा रेशमी आणि मौल्यवान झाल्या तसतशा त्या पाण्यात सोडण्याऐवजी घरात ठेवल्या जाऊ लागल्या. श्रीमंत व्यापाऱ्यांमध्ये तर त्यांच्या आकारावरून अशी चढाओढ लागली की क्योहो काळात, १७२१ साली, शासनाने आठ सुनपेक्षा, म्हणजे सुमारे २४ सेंटिमीटरपेक्षा, उंच बाहुल्यांवर बंदी घातली. पुढे १८७३ मध्ये जपानने सौर दिनदर्शिका स्वीकारली आणि पूर्वी वसंत स्थिरावल्यावर येणारा हा सण थंडी पुरती न सरलेल्या ३ मार्चवर आला. पीचची झाडे बागेत फुलण्याआधीच त्यांच्या डहाळ्या फुलांच्या दुकानातून विकत आणाव्या लागतात, त्याचे कारण हेच. बाहुल्या पाण्यात सोडण्याची मूळ चाल काही ठिकाणी अजून जिवंत आहे. तोत्तोरी प्रांतातल्या मोचिगासे इथे जुन्या पंचांगातील तिसऱ्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी गवताच्या गोल चकतीवर कागदी बाहुल्यांची जोडी ठेवून ती नदीत सोडतात, तर वाकायामातील कादा इथल्या आवाशिमा देवस्थानात ३ मार्चला बाहुल्यांनी भरलेल्या नावा समुद्रात लोटतात. जपानमध्ये असाल तर यांपैकी एक तरी विधी पाहावा. घरातल्या संचाकडे पाहण्याची दृष्टी त्याने बदलते.

संच निवडताना

पूर्ण संचात सात पायऱ्या आणि पंधरा बाहुल्या असतात. त्याला सुमारे १२० सेंटिमीटर रुंदी, दीड मीटर खोली आणि माणसाच्या उंचीइतकी जागा लागते. शिवाय वर्षाचे अकरा महिने त्याच्या पेट्या ठेवण्यासाठी कपाटाचा मोठा भाग द्यावा लागतो. आजच्या सदनिकांमध्ये हे बहुधा जमत नाही, त्यामुळे केवळ सम्राट-सम्राज्ञीची जोडी असलेला किंवा तीन पायऱ्यांचा, पाच बाहुल्यांचा संच अधिक घेतला जातो. जोडीचा संच घेण्यात काहीही उणे नाही. विधीच्या दृष्टीने ती जोडीच संचाचा गाभा आहे आणि बाकीचे सर्व तिचा परिवार आहे. तेव्हा खर्चाला मर्यादा असेल तर साधारण दर्जाच्या पंधरा बाहुल्यांपेक्षा उत्तम हातांनी घडलेल्या दोन बाहुल्या घ्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

घडणीचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात गवताच्या किंवा तशाच गाभ्यावर शिवलेले रेशमी कपडे थरावर थर चढवून बाहुली सजवतात. दुसऱ्याला किमेकोमी म्हणतात. त्यात लाकडाच्या किंवा लाकडी भुशाच्या लगद्याच्या घट्ट देहावर बारीक खाचा कोरून त्यांत कापडाच्या कडा दाबून बसवतात. हा प्रकार अठराव्या शतकात क्योतोच्या कामिगामो देवस्थानाच्या परिसरात उगम पावला. किमेकोमी बाहुल्या लहान, गोलसर आणि टिकाऊ असतात, त्यामुळे लहान मुले असलेल्या आणि वारंवार घर बदलणाऱ्या कुटुंबांना त्या अधिक सोयीच्या पडतात.

एका बाहुलीवर अनेक कारागिरांचे हात फिरलेले असतात: डोके घडवणारा वेगळा, केस बसवणारा वेगळा, हात-पाय करणारा वेगळा, वेश चढवणारा वेगळा. खरेदी करताना सर्वात आधी चेहरा पाहावा. पारंपरिक चेहऱ्यावर शिंपल्यांची पूड आणि सरस यांच्या मिश्रणाचे, म्हणजे गोफुनचे, अनेक थर दिलेले असतात आणि त्यामुळे त्वचेला मऊ, आतून आल्यासारखी शुभ्रता येते. त्यानंतर केसांची रेघ, बोटांची टोके आणि गळ्याशी व बाह्यांशी दिसणाऱ्या कपड्यांच्या थरांचा नेटकेपणा तपासावा. टोकियोतील आसाकुसाबाशी भागात बाहुल्यांची जुनी दुकाने आहेत, तर साइतामा प्रांतातील इवात्सुकी हे गाव या कारागिरीसाठीच ओळखले जाते. तिथे २०२० साली बाहुल्यांचे सार्वजनिक संग्रहालय सुरू झाले आहे. खरेदीपूर्वी ते पाहिल्यास जुन्या काळच्या उत्तम कामाचा अंदाज येतो आणि दुकानात काय निरखायचे हे कळते.

संच परंपरेने आजोळकडून येतो. मुलीच्या पहिल्या सणासाठी आईच्या माहेरची मंडळी तो देतात, पण आता दोन्हीकडचे आजी-आजोबा मिळून किंवा आईवडील स्वतः घेतात. मुलीचा जन्म फेब्रुवारीत झाला असेल तर घाई न करता पहिला सण पुढच्या वर्षी केला तरी चालतो. दुसऱ्या मुलीसाठी काय करावे, हा प्रश्न नेहमी येतो. बाहुली एकाच मुलीची बदली असते हे तत्त्व मानले तर प्रत्येकीची स्वतंत्र जोडी हवी; व्यवहारात मात्र धाकटीसाठी एखादी लहान जोडी किंवा कापडाच्या छोट्या आकृत्यांच्या लोंबत्या माळा घेतात. इझुतील इनातोरी आणि क्यूशूतील यानागावा ही गावे अशा माळांसाठी प्रसिद्ध आहेत. आईचा जुना संच मुलीला द्यावा की नाही यावर जपानी घरांतही एकमत नाही. मला वाटते, जुना संच मांडावा आणि त्यासोबत मुलीसाठी तिची म्हणून एक तरी नवी बाहुली ठेवावी.

दिवस आणि जागा

फेब्रुवारीच्या ४ तारखेच्या सुमारास जपानी पंचांगानुसार वसंतारंभ होतो. त्यानंतर कधीही संच मांडता येतो. काही प्रांतांत १९ फेब्रुवारीच्या सुमाराचा, बर्फाऐवजी पाऊस पडू लागण्याचा दिवस शुभ मानतात. कोरडा, उघडीप असलेला दिवस निवडावा. २ मार्चच्या रात्री घाईने मांडणी करू नये. एका रात्रीची आरास अनादराची समजली जाते.

जागा निवडताना थेट ऊन आणि गरम हवेच्या यंत्राचा झोत टाळावा. उन्हाने रेशमाचा रंग विटतो आणि अतिकोरड्या हवेने चेहऱ्यावरच्या लेपाला तडे जातात.

मांडणी, पायरीपायरीने

चैत्रगौरीपुढे पायऱ्यांची आरास करणाऱ्या घरांना हे काम ओळखीचे वाटेल, पण इथे प्रत्येक आकृतीची जागा ठरलेली आहे, कारण संपूर्ण मांडणी म्हणजे दरबारातील विवाहसोहळ्याचे दृश्य आहे. हात धुऊन पुसावेत आणि शक्य असल्यास सुती हातमोजे घालावेत. पेटी उघडताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे. परत भरताना त्याचा फार उपयोग होतो. बाहुली नेहमी धडाला किंवा बैठकीला धरून उचलावी, डोक्याला किंवा हातांना धरून नव्हे. चौकट उभी करून तिच्यावर लाल कापड ताणून टाचल्यावर वरच्या पायरीपासून सुरुवात करावी, कारण खालच्या पायऱ्या भरल्यानंतर वर हात पोचत नाही. यापुढे डावी-उजवी असे जिथे म्हटले आहे तिथे ती समोरून पाहणाऱ्याची समजावी.

पहिल्या पायरीवर मागे सोनेरी पडदा, दोन्ही टोकांना उभे दिवे आणि मध्ये जोडी. सम्राटाच्या हातात लाकडी राजपट्टी आणि कमरेला तलवार असते. शिरोभूषणाची मागची लांब पट्टी सरळ उभी राहील असे पाहावे. सम्राज्ञीच्या हातात पंखा असून तो उघडून द्यायचा असतो. टोकियो आणि बहुतेक प्रांतांत सम्राट डावीकडे बसतो, क्योतोच्या परंपरेत तो उजवीकडे बसतो. जुन्या दरबारात सम्राट दक्षिणेकडे तोंड करून बसे, त्याची डावी बाजू म्हणजे उगवतीची, आणि म्हणून ती श्रेष्ठ. आधुनिक काळात पाश्चात्त्य राजशिष्टाचाराच्या प्रभावाने राजदांपत्याची उभे राहण्याची बाजू बदलली आणि बाहुल्यांनीही ती स्वीकारली. दोन्ही पद्धती योग्य आहेत. संच ज्या भागातला असेल तिथली रीत पाळावी.

दुसऱ्या पायरीवर तीन दरबारी सेविका असतात. मधली बहुधा बसलेली असते आणि तिच्याकडे पेल्यांचे लाकडी आसन असते. उजवीकडच्या सेविकेकडे लांब दांड्याचे मद्यपात्र आणि डावीकडच्या सेविकेकडे त्यात भर घालण्याची किटलीसारखी झारी. दोघी उभ्या असतील तर प्रत्येकीचे पुढे टाकलेले पाऊल बाहेरच्या बाजूला यावे. ते आत आले तर जागांची अदलाबदल झाली आहे असे समजावे. त्यांच्यामध्ये गोल मोचीची, म्हणजे चिकट तांदूळ कुटून केलेल्या गोळ्यांची, उंच तबके ठेवतात.

तिसऱ्या पायरीवर पाच मुलगे-वादक असतात आणि सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. डावीकडून उजवीकडे क्रम असा: दोन काठ्यांनी वाजवायचा ढोल, मांडीजवळ धरायचा मोठा हात-ताशा, खांद्यावर धरायचा छोटा हात-ताशा, बासरी आणि शेवटी पंखा हातात घेतलेला गायक. लक्षात ठेवण्यासाठी एवढे पुरे की आवाज जसा मोठा होत जातो तसे डावीकडे सरकायचे.

चौथ्या पायरीवर धनुष्यबाण घेतलेले दोन रक्षक मंत्री असतात. पांढऱ्या दाढीचा वृद्ध उजवीकडे आणि तरुण डावीकडे, कारण वृद्ध हा सम्राटाच्या डाव्या हाताचा मंत्री असून पदाने श्रेष्ठ आहे. त्यांच्यामध्ये तिरंगी मोचीची चौकटी आसने आणि छोटी जेवणाची पाने ठेवावीत. पाचव्या पायरीच्या दोन टोकांना झाडे असतात: उजवीकडे चेरी, डावीकडे ताचिबाना नावाचे संत्र्याच्या जातीचे झाड. क्योतोच्या राजवाड्यासमोरची ही झाडे सम्राटाच्या नजरेने अनुक्रमे डावीकडे आणि उजवीकडे आहेत, तेव्हा मंत्र्यांना लावलेला नियम इथेही लागू पडतो. मध्ये तीन सेवक बसतात, एक रागावलेला, एक रडणारा, एक हसणारा. टोकियोकडच्या संचात त्यांच्याकडे टोपी टांगलेला दांडा, पादत्राणांचे आसन आणि मिटलेली छत्री असते. क्योतोकडे झाडणीसारखी सफाईची साधने असतात. मुलांना या तिघांची ओळख आधी करून द्यावी. संचातले सगळ्यात जिवंत चेहरे त्यांचेच असतात.

सहाव्या आणि सातव्या पायरीवर वधूचे सामान असते: कपाट, पेटारा, आरसा, शिवणाची पेटी, शेगडी, चहाची भांडी, आणि खाली पालखी, डब्यांची चळत व बैलगाडी. इथे क्रम सैल आहे. उंच वस्तू बाजूला व मागे ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या दिसतात.

सणाचा दिवस

आदल्या संध्याकाळी किंवा ३ मार्चला आजी-आजोबांना बोलावून जेवण होते. हिरवी, पांढरी आणि गुलाबी अशी तीन थरांची हिशिमोची खालून वर अंकुरलेले गवत, उरलेले बर्फ आणि पीचची फुले सुचवते. हिना-अरारे म्हणजे तांदळाचा खमंग फुलवलेला खाऊ. टोकियोकडे तो गोड लाह्यांसारखा, तर ओसाका-क्योतोकडे सोया सॉसच्या चवीचा असतो. मुख्य पदार्थ चिराशिझुशी, म्हणजे व्हिनेगर, साखर, मीठ घातलेल्या भातावर कमळकाकडी, मशरूम, अंड्याच्या पिवळ्या शेवया आणि कोळंबी पसरलेली. सोबत हामागुरी या तिसऱ्यांच्या कुळातील मोठ्या शिंपल्यांचे पारदर्शक सार असते. या शिंपल्याची एक झडप दुसऱ्या कुठल्याही शिंपल्याच्या झडपेशी जुळत नाही, म्हणून तो जन्माच्या जोडीदाराचे चिन्ह मानला जातो. शाकाहारी घरांनी चिराशिझुशी कमळकाकडी, मशरूम, गाजर आणि वाटाण्याच्या शेंगा घालून करावी आणि शिजवण्याचा रस मासळीऐवजी कोंबू या समुद्री वनस्पतीचा घ्यावा. पेयाबाबत सावध राहावे: शिरोझाके हे मद्य आहे. मुलांसाठी तांदूळ आणि कोजी या आंबवण्याच्या बुरशीपासून केलेले अमाझाके हे गोड पेय घ्यावे, मद्याच्या चोथ्यापासून केलेले नव्हे.

आवरणे आणि साठवण

बाहुल्या उशिरापर्यंत ठेवल्या तर मुलीचे लग्न लांबते असा समज आहे. त्याची भीती बाळगू नये, पण बदली म्हणून आलेल्या बाहुलीने आपले काम आटोपून लवकर जावे ही त्यामागची जुनी भावना आणि मुलीला आवराआवरीची सवय लागावी हा हेतू दोन्ही समजून घ्यावेत. पाऊस असेल तर कोरड्या दिवसाची वाट जरूर पाहावी, कारण ओलावा आत कोंडला तर बुरशी येते. ज्या भागांत सण जुन्या पंचांगाच्या जवळ, ३ एप्रिलला होतो तिथे बाहुल्या तोवर राहतात.

हातातील वस्तू काढून लहान पाकिटांत नावे लिहून ठेवाव्यात. पिसांच्या किंवा अतिशय मऊ केसांच्या कुंचल्याने धूळ झटकावी. चेहरा ओल्या फडक्याने कधीही पुसू नये. लेपातील सरस पाण्याने विरघळतो. मऊ पातळ कागदाने डोके सैलसर गुंडाळावे, बाह्यांखाली कागदाचे बोळे द्यावेत आणि पेटी जमिनीलगत न ठेवता कपाटाच्या वरच्या खणात ठेवावी. कीटकनाशक एकाच प्रकारचे वापरावे, थोडे वापरावे आणि बाहुलीला टेकू देऊ नये. कापूर आणि डांबरगोळ्या एकत्र ठेवल्यास त्या पाझरून रेशमावर कायमचे डाग पडतात.

जपानमध्ये शरद ऋतूतील एखाद्या कोरड्या दिवशी पेट्या उघडून वारा देतात. संच मुंबईला, कोकणात किंवा गोव्याला आणला असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. मे महिन्याच्या अखेरीस ओलावा शोषणाऱ्या पुड्या बदलाव्यात, पावसाळ्यात पेटी उघडू नये आणि ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात सावलीत अर्धा दिवस वारा द्यावा. प्लॅस्टिकच्या हवाबंद डब्यापेक्षा लाकडी किंवा जाड पुठ्ठ्याची पेटी बरी.

निरोप

मुलगी मोठी होऊन घरातून गेली, किंवा संच ठेवणे अशक्य झाले, तर तो कचऱ्यात टाकत नाहीत. अनेक मंदिरे आणि देवस्थाने बाहुल्यांसाठी कृतज्ञताविधी करतात. क्योतोच्या होक्योजी मंदिरात तो १४ ऑक्टोबरला होतो, टोकियोत उएनोच्या कियोमिझु कान्नोन-दोमध्ये २५ सप्टेंबरला. संच चांगल्या स्थितीत असेल तर तोकुशिमातील कात्सुउरासारख्या गावांच्या सार्वजनिक मांडणीत त्याला जागा मिळू शकते. तिथे देशभरातून आलेल्या हजारो बाहुल्या भव्य पायऱ्यांवर एकत्र मांडतात. देण्यापूर्वी संबंधित ठिकाणी विचारून शुल्क, स्वीकारण्याचे दिवस, आणि काचेची पेटी, चौकट, सहाव्या-सातव्या पायरीवरचे सामान घेतात की नाही, याची खात्री करावी. पुष्कळ ठिकाणी केवळ बाहुल्याच घेतात. उरलेली चौकट आणि काच महानगरपालिकेच्या मोठ्या कचऱ्याच्या नियमांनुसार वेगळी द्यावी लागते.